कुंदन नावाचा ट्रक

"माय, जेवनी का तू?"

गाडी पारोळ्याच्या बायपासला लागली की कुंदनचा फोन यायचा, आणि पहिला सवाल हाच. भिकुबाई म्हणायची, जेवनू रे. खोटंच. गाडी धुळ्याला पोचल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. लेकालाही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं तिच्या मोबाइलमध्ये तो हिरवा ट्रक आणून ठेवला होता.

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. पारोळ्याच्या त्या घरात भरदुपारी गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. भिंतीशी नवं डेरगं भरून ठेवलेलं. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात तो माठ, त्यावर खरबूज. कुंदनचे काका, झुलालनाना, रस-पोळीचा घास कालवून केव्हाचे विस्तवापुढं बसले होते. घास विस्तवावर टाकायचा तर गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. आणि या घरात लेकराचं नाव पहिल्यांदा आईनंच घ्यायचं. तिनं घेतलं नाही, तर घास नाही. वर्षभर जीव उपाशी.

"वैनी," नाना हळूच म्हणाले, "विस्तव इझी जाई."

भिकुबाई उंबऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. "थांबा नाना. पोऱ्या एरंडोल सोडी ऱ्हायना."

मघाशी तिनं नशिराबाद सोडतोय म्हणून सांगितलं होतं.

नानांनी दिपमालाकडं पाहिलं. दिपमाला कुंदनची धाकटी बहीण, आखाजीला जामनेरहून माहेरी आलेली. तिनं मान खाली घातली.

मोबाइलमधला तो हिरवा ट्रक म्हणजे ॲप नव्हतंच. गाडीमालकाची वेबसाइट होती, कुठली गाडी कुठं आहे ते नकाशावर दाखवणारी. कुंदननं ती उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, 'होम स्क्रीनवर जोडा' दाबलं. मोबाइलनं नाव विचारलं. त्यानं मालकाच्या कंपनीचं नाव पुसलं आणि आपलं टाकलं. हिरवा ट्रक, त्याच्याखाली 'कुंदन'. भिकुबाईला वाचता येत नव्हतं. पण तेवढी तीन अक्षरं तिनं चेहरा ओळखावा तशी ओळखून घेतली. दाबलं की नकाशा, नकाशावर टिपका, टिपक्यात लेक.

गेल्या पावसाळ्यात टिपका मलकापूरच्या पुढं थांबला तो सकाळपर्यंत हलला नाही. झोपना व्हई, ती म्हणाली. छातीत कळ आली तेव्हा कुंदननं गाडी नीट कडेला लावली होती, ब्रेक ओढला होता. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. त्याचं दहावं झालं, अंगणात बायका बसल्या होत्या, आणि टिपका पुन्हा चालू लागला. भिकुबाई रडता रडता थांबली, ती थांबलीच. त्यानंतर कुणीही कुंदनचं विचारलं की एकच उत्तर. गाडीवर शे.

गाडीवर लखन नावाचा नवा ड्रायव्हर आहे, सातपुड्याकडचा, हे दिपमालानं तिला किती वेळा सांगितलं होतं. भिकुबाई ऐकायची, मान डोलवायची, आणि जेवणवेळी एक ताट जास्तीचं मांडायची. दिपमालाला आईची भीती वाटत नव्हती. सकाळी तिनंही त्या टिपक्याला सरकताना पाहिलं होतं, आणि तिचं बोट आपोआप भावाला फोन लावायला गेलं होतं. भीती त्याची वाटत होती.

भिकुबाई मोबाइल उंबऱ्यावर ठेवून पाणी प्यायला उठली. दिपमालानं तो उचलला. ट्रकवर बोट दाबून धरलं. ट्रक जागचा सुटला, बोटाखाली हलू लागला. वर अक्षरं आली, 'काढून टाका'. तिनं डोळे मिटून त्याला तिकडं ओढत नेलं. भावाचं नाव बोटाखालून निसटलं.

भिकुबाई परत आली. तिचा अंगठा सवयीनं त्याच जागी टेकला. काहीच उघडलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग पदरानं काच पुसली, आणि पुन्हा दाबलं.

"कोठे गया?"

दिपमालाला वाटलं होतं, आई ओरडेल. हे इतकं हळू विचारलेलं तिला सोसलं नाही.

"काहीच नही गयं, माय. वरनं फक्त चित्र काढं. नकाशा तठेच शे. आनी देसू परत."

तिनं वेबसाइट उघडली. टिपका बायपासला आला होता. दोघी पाहत राहिल्या. तो थांबला नाही. फोन वाजला नाही. टिपका धुळ्याकडं सरकला.

दिपमालानं तीन ठिपके दाबले, 'होम स्क्रीनवर जोडा' दाबलं. नावाची चौकट आली, तिच्यात कंपनीचं नाव. तिनं ते पुसलं. रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ उघडझाप करू लागली.

"काय नाव टाकू, माय?"

विस्तवावर राख चढू लागली होती. नानांच्या हातातला घास सुकत आला होता. भिकुबाई त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडं बघत राहिली.

"गाडी लिख," ती म्हणाली. "गाडीच शे ती. कोना तरी मायना पोऱ्या चालावस."

मग ती विस्तवापुढं येऊन बसली. फुंकर घालून तिनं राख उडवली. नानांच्या हातातला घास आपल्या हातात घेतला.

"कुंदन," ती म्हणाली, आणि घास निखाऱ्यावर ठेवला. "जेवी ले रे पोऱ्या. मंग मी जेवसू."