सगळं हिरवं

रुग्णवाहिका बोलावायच्या ॲपमध्ये काहीही बदललं, की मशीन सगळी बटणं दाबून बघायचं. नव्या रिलीजच्या तोंडावर टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास: मोठ्या अक्षरांच्या फोनवर ‘नव्या रूपात स्वागत!’ ही पट्टी मदतीच्या बटणावर बसत होती. “एवढी मोठी अक्षरं ठेवतंय कोण? आटप!” साहेब खेकसले. नंतर बघू म्हणत टेस्टरने एक ओळ घुसवली: वर काही असलं तरी मशीनने खालचं बटण दाबायचं. सगळं हिरवं झालं. फोनवर आईने विचारलं, “बटण दाबलं की गाडी येईल ना रे?” “अगं, आमचं मशीन रोज दाबून बघतं.” आठवड्याभराने शेजारच्या काकूंनी आईचा फोन त्याच्या हातात ठेवला. “गेली तरी मुठीतून सुटेना रे.” त्यानेच मोठी केलेली अक्षरं अजून स्वागत करत होती. काचेवर, नेमके त्या पट्टीवर, अंगठ्याचे ठसे एकावर एक चढले होते.