खिम्याचे बन

पहिला बन चपटा झाला. दुसऱ्याचं तोंड उघडून खिमा बाहेर आला. तिसरी पारी हातात घेऊन सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, तेवढ्यात जावई स्वयंपाकघराच्या दारात आला.

"अगं आई, मी येते?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी हसू दाबलं. जावई जपानी. मराठी शिकला तो बायकोचं ऐकून ऐकून, त्यामुळे बोलायचाही बायकोसारखंच. ती बायको, म्हणजे त्यांची लेक, सर्दीची गोळी घेऊन आत झोपली होती. लग्नानंतर तो पहिल्यांदाच घरी आला होता आणि आल्यापासून चिमणीएवढं जेवत होता. म्हणून आज त्यांनी मोबाइलवर बघून त्याच्याकडचे वाफवलेले बन करायला घेतले होते. पीठ तर छान फुगलं होतं. पुढे घोडं अडलं होतं.

"या," त्या म्हणाल्या आणि पारी त्याच्यापुढे धरली. "आता तुम्हीच दाखवा. मला काही या चुण्या जमत नाहीत."

त्याने पारी दोन्ही हातांनी घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग मान हलवली.

"मी... दुकान."

"काय?"

त्याने हवेत एक काचेचं कपाट काढलं. आत बोट दाखवलं, पैसे दिले, पिशवी घेतली, वाकून आभारसुद्धा मानले. "दुकान. रोज दुकान."

"म्हणजे तुम्ही कधी केलेच नाहीत? जन्मात?"

"नाही गं," तो म्हणाला.

सासूबाईंना हसू आवरेना. हा पहिला घास खाऊन काय म्हणेल या धास्तीने त्या सकाळपासून अर्ध्या झाल्या होत्या, आणि हा त्यांच्याहून कच्चा! हसता हसता त्या स्टुलावर टेकल्या आणि सवयीने गुडघा चोळू लागल्या.

"गुडघा?" तो एकदम गंभीर झाला. "तेल लावलंस?"

"गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने हात कानाशी नेला. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "रविवार. फोन. मी पण."

म्हणजे लेक फोन स्पीकरवर ठेवून बोलायची तेव्हा हा शेजारी बसलेला असायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, तेल लावलंस का, सगळं याने ऐकलेलं. आपण फोनवर आणखी काय काय बोललो ते सासूबाई आठवू लागल्या आणि त्यांचं हसू मावळलं.

त्याने हात धुतले. पारीत खिमा भरला, कडा चिमटीत धरून गोळा करायला गेला आणि बोटच आरपार गेलं. त्याने ते प्रकरण अलगद सासूबाईंच्या पुढ्यात सरकवलं आणि लाडाने म्हणाला,

"तुझं तू बघ."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. लग्न ठरवल्याचं सांगायला लेकीने फोन केला होता, तेव्हा एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला होता.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नाकाला मैदा लागलेला, डोळे हसरे. आईने लेकीला म्हणायचं काहीतरी मायेचं असेल, असं वाटलं असेल त्याला. किंवा सगळं कळलेलंही असेल. चेहऱ्यावरून काही अंदाज येईना.

"असं नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. फाटकी पारी जवळ ओढून पुन्हा म्हणाल्या, "ते चुकीचं आहे. कुणी का म्हटलेलं असेना. म्हण, आपण बघू."

"आपण बघू," तो म्हणाला.

मग पारी त्यांच्या तळहातावर आणि चिमट्या त्याच्या, असं सुरू झालं. त्या पारी फिरवत गेल्या, तो चुण्या घालत गेला. एक बन गाठोड्यासारखा झाला, एक रुसलेल्या पोरासारखा. उरलेले बऱ्यापैकी बनासारखे झाले. चाळणीत ठेवून त्यांनी वर झाकण घातलं. खिमा, आलं आणि कांद्याची पात यांचा वास घरभर झाला, तसा त्याला धीर धरवेना.

"अरे, हात भाजेल! फडकं घे, फडकं!"

बन पांढरेशुभ्र फुगले होते. सासूबाईंनी ताटल्या काढल्या, तर तो नको नको करत बाहेर पळाला. परत आला तो अंगात जाकीट घालून, हातात त्यांचा स्वेटर घेऊन. दोन बन कागदात गुंडाळले. एक स्वतःच्या खिशात घातला, दुसरा त्यांच्यापुढे धरला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"रस्त्यात? चालता चालता खायचं?" सासूबाईंनी डोळे मोठे केले. रस्त्यात खाल्लं म्हणून लेकीने लहानपणी त्यांच्या हातचे धपाटे खाल्ले होते.

त्याने जोरजोरात मान डोलावली. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि स्वेटर घातला.

लेक उठली तेव्हा घर रिकामं होतं आणि ओट्यावर मैदा सांडलेला होता. तिने खिडकी उघडली. समोरच्या फुटपाथवरून दोघं हळूहळू चालले होते. आईच्या हातात बन होता आणि गालात घास. तो हातवारे करत, स्वतःच्या भाषेत, काहीतरी लांबलचक सांगत होता.

हाक मारायला लेकीने तोंड उघडलं, पण मारली नाही.

तो श्वास घ्यायला थांबला. आईने घास गिळला आणि विचारलं, "मग?"