चुकलं कोण?

तिसावी तार सुरात आली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. गजाने वाजवायची पाच व्हायोल, प्रत्येकाला आतड्याच्या सहा तारा, आणि नॉरफोकची सर्द हवा. एक तार जुळवेपर्यंत दुसरी उतरायची.

‘चला,’ सर बार्नबी म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांत मोठं, खर्जाचं व्हायोल गुडघ्यांत आवळून धरलं. घर त्यांचं, वाद्यं त्यांची आणि डॉर्कसही त्यांचीच मुलगी.

समोर बसलेल्या ॲम्ब्रोज टिलीला त्यांतली डॉर्कस तेवढी हवी होती. आत येताना दारातच तिने त्याला बजावलं होतं, ‘जपून वाजव रे. बाबांना चुकणारा माणूस खपत नाही. याआधी दोघांना त्यांनी जेवायच्या आत परतीच्या घोड्यावर बसवलंय.’

प्रत्येकापुढे आपापल्या भागाचीच वही होती. बाकीच्यांचं काय चाललंय ते कानांनीच ओळखायचं. वहीतली बारावी रचना सुरू झाली. डॉर्कस वरच्या सुरांत, मधे तिची आई लेडी ॲविस, पाद्रीबुवा आणि ॲम्ब्रोज, खाली सर बार्नबी. पहिलं पान इतकं गोड गेलं की ॲम्ब्रोज मनातल्या मनात लग्नाचा कोट शिवायला टाकून आला.

मग सगळ्यांनी पान उलटलं. काहीतरी भयंकर वाजत होतं. ॲम्ब्रोजने वही पाहिली, बोटं पाहिली, मग कान खालच्या सुरांकडे लावला. सर बार्नबींनी एकदम दोन पानं उलटली होती. ते आता भलतीच रचना वाजवत होते, आणि चांगलेच रंगात आले होते.

पाद्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. डॉर्कसने ओठ दाताखाली धरला. लेडी ॲविस मात्र भिंतीकडे बघत एकेक सूर जागच्या जागी ठेवत राहिल्या. चौघं एकदमच संपवून थांबले. सर बार्नबी आणखी बराच वेळ एकटेच वाजवत होते. शेवटी त्यांनी लांबलचक गज ओढला आणि मान वर केली.

‘कुणीतरी चुकलं,’ ते म्हणाले. ‘शेवट मला एकट्याला निभवावा लागला. कोण चुकलं?’

लेडी ॲविसनी गज मांडीवर ठेवला आणि तोंड उघडलं. ते इतकं सवयीचं होतं की त्या ‘मी चुकले’ म्हणणार हे ॲम्ब्रोजला आधीच कळलं. त्याला फार वाईट वाटलं. बाई अख्ख्या रचनेत एकाही सुराला चुकल्या नव्हत्या.

‘मी चुकलो, सर,’ तो म्हणाला. आणि आपली हॅट कुठे ठेवलीय ते आठवू लागला.

डॉर्कसने कपाळाला हात लावला.

‘कुठे चुकलास?’ सर बार्नबींनी विचारलं.

‘पान उलटताना.’

‘वाटलंच. तिथेच खटकलं मला.’ सर बार्नबींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘मागच्या दोघांनी काय केलं, ठाऊक आहे? माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे! या वयात मला वाजवायला शिकवत होते. तुला निदान आपलं चुकलेलं कळतं. तुझा संसार होईल. डॉर्कस, याचं पान मांडायला सांग.’

ॲम्ब्रोजने सुटकेचा निःश्वास टाकला. पाद्रीबुवांनी डोळे उघडले.

लेडी ॲविसचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी ते मिटलं, गज पुन्हा हातात घेतला आणि त्या ॲम्ब्रोजकडे वळल्या.

‘म्हणजे,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं बरोबर आलं.’