बस्त्याचं गिऱ्हाईक

गिऱ्हाईक हा साक्षात परमेश्वर असून त्याच्या सेवेतच मनुष्यजन्माचं सार्थक आहे, अशी पाटी उद्धवशेटच्या साडीच्या दुकानात गल्ल्यामागं टांगलेली होती. परमेश्वराला बसायला तीन पत्र्याच्या खुर्च्या होत्या. जन्माचं सार्थक करायला नेमलेल्या भीमराजनं मात्र दिवसभर उभं राहायचं होतं.

पूर्वी असं नव्हतं. चिंचवडच्या या दुकानात पांढरीशुभ्र गादी होती, तिच्यावर गिऱ्हाईकही बसे आणि भीमराजही. मग शेट पुण्याला लक्ष्मी रोडवर काउंटर बघून आले. गादी माळ्यावर गेली, काउंटर आलं आणि नोकराची मांडी इतिहासजमा झाली. "बसलेला माणूस सुस्तावतो," असं शेट लोडाला टेकून सांगत.

शेटनी आणखी एक सुधारणा व्यापाऱ्यांच्या संमेलनातून आणली होती. गिऱ्हाईक बिथरलं की ते गल्ल्यावरून खाकरत. ते खाकरले की भीमराजनं हात जोडून म्हणायचं, "ताई, राग मानू नका. याच्यातच दुसरा रंग दाखवतो." वाक्य जिभेला इतकं चिकटलं होतं की एकदा बायकोसाठी नायलॉनची साडी घ्यायला आलेल्या मिशाळ हवालदारालाही तो ताई म्हणून मोकळा झाला होता.

आज मंगळवार. मंगळवारची बाई आली.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मंगळवारी नुसत्या माशा. नेमकी तेव्हाच ही यायची. चाळिशीची, हातात हिरवी पिशवी. आली की चपला काढायची, मधली खुर्ची धरायची आणि दुकान उपसायला लावायची. महिना झाला, घेतला मात्र एक रुमालही नव्हता. भीमराजनं तिला केव्हाच वाटेला लावलं असतं, पण शेटना तिची खात्री होती.

"लेकीचं लग्न काढलंय तिनं," शेट सकाळीच म्हणाले होते. "पहिल्याच दिवशी मी इथूनच विचारलं, काय काम काढलंत? बस्त्यालाच आले, म्हणाली. ह्या कानांनी ऐकलं."

शेटच्या कानांचं असं होतं, की दिवाळीच्या बोनसची गोष्ट निघाल्यापासून ते जरा मंदावले होते.

"बस्ता म्हणजे नवरीच्या शालूपासून मानपानाच्या लुगड्यापर्यंत सगळं एका दुकानातून. असलं गिऱ्हाईक तू महिनाभर नुसतं बसवून ठेवलंस. आज ती रिकाम्या हातानं पायरी उतरली, की तिच्यामागं तूही उतर. परत चढू नको."

भीमराजचा धाकटा भाऊ कंपनीत टेंपररी होता आणि सध्या कंपनीनं त्याला ब्रेक दिला होता. घरात पगार एकच येत होता, तो या काउंटरमागून.

"इरकल दाखव," बाई म्हणाली.

दाखवली.

"रंग उतरंल ह्याचा."

"गॅरंटी आहे, मावशी."

"समदे त्येच सांगत्यात. नारायणपेठी काढ."

काढली.

"काठ केवढा ह्यो. मागल्या दिवाळीचा माल दिसतोय."

भीमराज वरच्या फळीकडं वळला, तशी ती म्हणाली, "शिडी नगं लावू. वरचं नगंच मला."

हे त्याला जास्त झोंबलं. भारी माल वरच होता. म्हणजे हिला घ्यायचं नव्हतंच.

बोलता बोलता बाईचे हात चालू होते. उलगडलेली साडी ती काठाला काठ लावून परत घडी घालून ठेवी. घडी अशी, की साडी उघडलीच नव्हती असं वाटावं. भीमराजचं डोकं तापलं. आता ही त्याला त्याचं कामही शिकवणार होती.

तासाभरात काउंटरवर ढीग झाला. भीमराजच्या पोटऱ्यांत गोळे आले. बाईनं सुजलेले पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले, बोटं हलवून मोकळी केली आणि म्हणाली, "कायतरी येगळं काढ की. आसं तोंड पाडून माल खपतो व्हय?"

भीमराज फुटला.

"वेगळं आता माझं कातडं राहिलंय, मावशी. त्याचाही काठ तुम्हाला पसंत पडायचा नाही. महिनाभर बघतोय. तुम्हाला साडी नकोय, नाचवायला गडी पाहिजे. सकाळपासून ह्या पायांवर उभा आहे मी. डबा उभ्यानं खातो. लघवीला जायचं तर शेटना विचारून जातो. आणि तुम्ही ऐसपैस बसून माझं तोंड बघता. दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला? एकदा काउंटरच्या ह्या बाजूला येऊन बघा, मग कळेल."

गल्ल्यावरचा लोड सरकला. शेट खाकरले.

भीमराजनं हात उचलले. नोकरी गेल्यात जमा होती, वाक्य तेवढं म्हणायचं राहिलं होतं. पण त्याचे हात जुळायच्या आत बाई ताडकन उठली. अनवाणीच. पदर सारखा केला, हात जोडले आणि भीमराजकडं बघत एका दमात म्हणाली,

"ताई, राग मानू नका. याच्यातच दुसरा रंग दाखवते."

भीमराजचे हात तसेच हवेत राहिले.

बाईनं चमकून गल्ल्याकडं पाहिलं. मग जीभ चावली.

"आमचं शेट बी आसंच खाकरत्यात," ती हळूच म्हणाली. "मंगळवारी आमचं दुकान बंद आसतंया. तितं आमाला खुर्ची न्हाई, आन् घरी काम बसू देत न्हाई. तुमच्या शेटला तर म्या पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, बसायलाच आले म्हणून."

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आजून घटकाभर बसू का, भाऊ?"