ओळखीचा ठेका

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात शंभर माणसं कीर्तनातल्या गजराच्या ठेक्यावर पाय आपटत नाचत होती, तेवढ्यात वैजयंतीच्या फोनवर इशारा उमटला: चाळीस सेकंदांत भूकंप.

तिने भिंतीवरच्या दिव्याकडे पाहिलं. तो पिवळाच होता.

या सभागृहाच्या जमिनीत शेजारी-शेजारी टाकलेल्या तयार काँक्रीटच्या स्लॅबवर इंजिनिअर म्हणून तिनेच नवा थर ओतून घेतला होता. एरवी तो लवचीक असायचा, दिवा पिवळा. धक्का जाणवताच दगडासारखा कडक होऊन सगळे स्लॅब एकसंध धरायचा, की दिवा हिरवा. पण दर कीर्तनात तो गजरालाच भूकंप समजून आखडायचा. म्हणून तिने त्याला शिकवलं होतं, हा ठेका आपल्या माणसांचा आहे, सोडून दे. आता या ठेक्याखाली त्याला खरा धक्का कळणार कसा?

धावत जाऊन तिने तबल्यावर हात दाबला.

"गजर मोडतेस?" कीर्तनकार बुवा, तिचे वडील, कडाडले.

"अण्णा, भूकंप येतोय! सगळ्यांना स्तब्ध करा. या गलक्यात जमिनीला काही कळत नाहीये!"

बुवांनी चिपळ्या उंचावल्या. "मंडळी, आता नाम मनात. पाऊल हलवायचं नाही."

सगळे जागीच थिजले. खालून घरघर आली. दिवा पिवळाच होता. अजून पिवळाच. मग हिरवा झाला. समईच्या ज्योती थरथरल्या, पण सगळी जमीन एका ताटासारखी हलली आणि थांबली.

तबलजी नाना कुजबुजले, "बुवा, धरू का ठेका?"

बुवांची नजर अजून हिरव्या असलेल्या दिव्यावरच होती. "थांबा नाना. आधी तिला विचारा."

"वैजूला?"

"जमिनीला."