पाचव्या मजल्यावरचं ग्रिल

“ग्रिलला हात लावू देणार नाही मी,” म्हणत कस्तुराबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. बाहेर वेल्डर कटिंग मशीन घेऊन ताटकळला होता.

पिंपळे सौदागरमधल्या त्या सोसायटीत यंदा सगळ्यांच्याच डोक्याला ताप झाला होता. पूर्वी आगीची तपासणी म्हणजे जिन्यातले लाल सिलिंडर आणि गच्चीवरचा पंप बघितला, की झालं. आता नियम बदलले होते. गॅलरी ग्रिलने बंद केली असेल, तर शिडीवरून सुटका करता यावी म्हणून त्यात आतून किल्लीशिवाय उघडणारं दार हवं. लोकांनी कुरकुर करत ग्रिलं कापून घेतली. पाचव्या मजल्यावरचा कस्तुराबाईंचा फ्लॅट तेवढा राहिला आणि त्यापायी अख्ख्या इमारतीचा अग्निसुरक्षेचा दाखला अडला.

दाखल्यापायी शेजारच्या दिपालीचं घर विकलं जात नव्हतं. तिच्या नवऱ्याला नाशिकला नोकरी लागली होती. तो तिकडे, ती मुलीला घेऊन इकडे. घर घेणाऱ्याची बँक नव्या दाखल्याशिवाय कर्ज देईना. आज वेल्डरला तीच घेऊन आली होती.

“काकू, एक माणूस जाईल एवढंच दार करायचंय. तुमच्याच जिवासाठी ना?”

“कळतं मला ते.”

“मग? उद्या आग लागली तर काय कराल?”

तेवढ्यात आतून खडखडाट ऐकू आला.

दिपालीने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. गॅलरीत ज्ञानदेवकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. रिटायर होऊन किती वर्षं झालेला तो माणूस दोन्ही हातांनी ग्रिल हलवत होता.

“अहो, उघडा कुणीतरी! फर्स्ट शिफ्टची गाडी आली. जाईल ती!”

काका हल्ली खाली दिसत नाहीत ते गुडघ्यांमुळे, असंच काकू सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

“खालच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जातात ना, त्या तिथून दिसतात त्यांना,” कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मग तिथूनच निघायला बघतात. आग लागेल तेव्हा लागेल गं. हे तर रोज निघतात.”

दिपालीने वेल्डरला हातानेच थांबायला सांगितलं.

आणि सायरन वाजला.

नव्या नियमांत सरावही होता. सायरन झाला की आग लागलीय असं समजून सगळ्यांनी जिन्याने खाली यायचं. सोसायटीचे अध्यक्ष उद्धवरावांनी तसं कालच सांगून ठेवलं होतं. वादावादीत दोघी विसरून गेल्या होत्या. एवढ्या आवाजाने हे बिथरणार, म्हणून कस्तुराबाई गॅलरीकडे धावल्या.

पण ज्ञानदेवांनी ग्रिल सोडलं होतं. ते वळले. चेहऱ्यावरचा गोंधळ पुसून गेला होता. सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला, बाहेर आले आणि कस्तुराबाईंचा हात धरला.

“घाबरायचं नाही. लिफ्ट नको. भिंतीच्या कडेने चला.”

“कंपनीत फायर स्क्वॉडमध्ये होते,” जिना उतरता उतरता कस्तुराबाई दिपालीला म्हणाल्या.

प्रत्येक मजल्यावर ज्ञानदेव दारं ठोठावत होते. “बाहेर या! सामान राहू द्या!” सराव म्हणून हसत निघालेली माणसं त्यांचा आवाज ऐकून भराभर पायऱ्या उतरू लागली. एवढं सगळं करताना त्यांनी कस्तुराबाईंचा हात सोडला नाही. किती दिवसांनी कस्तुराबाई त्यांच्या मागून चालत होत्या. एरवी सांभाळायचं ते त्यांनीच.

खाली आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि उद्धवरावांना गाठलं.

“कापा ग्रिल. बाहेर कसं पडायचं, ते विसरले नाहीत हे. मीच कोंडून ठेवलं होतं. फक्त दाराची कडी वरच्या अंगाला बसवा आणि उघडलं की वाजेल अशी बेल लावा.”

“मी आहे तोवर माझ्याही घरात वाजू दे ती,” दिपाली म्हणाली. “नंतर येतील त्यांना मी समजावून सांगेन.”

उद्धवरावांनी मान डोलावली.

ज्ञानदेवांचं मात्र लक्ष नव्हतं. ते जमलेल्या एकेका चेहऱ्याकडे निरखून बघत होते. बघता बघता त्यांचा श्वास जोरात चालू लागला. त्यांनी कस्तुराबाईंचा हात अलगद दिपालीच्या हातात दिला.

“ताई, या आजींना जरा धरा,” जिन्याकडे वळत ते म्हणाले, “आमची कस्तुरा वरच राहिलीय. तिला घेऊन येतो.”