जत्रेचं बोलावणं

चिखल तुडवत येणारी बाई अव्वाच होती. उमादेवीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. चाल तीच, एका खांद्याला झुकलेली, आणि हातात स्टीलचा डबा. जत्रेच्या सकाळी हुग्गीचा डबा घेऊन आई लेकीच्या दारात आली, की ते माहेरचं बोलावणं. त्यांच्या घरात फोन केला तरी डबा चुकत नाही. उमादेवीचं दार म्हणजे धरणाच्या पाण्यावरची ही पत्र्याच्या छपराची नाव.

नाव तिच्या नवऱ्याची, अमरदीपची. लिंगायताच्या पोरीनं बौद्धाच्या पोराशी लग्न केल्यावर दोन्ही गावांत खोली मिळेना, तेव्हा त्यानं शेगडी, गादी आणि चार भांडी नावेतच आणून टाकली. पाडव्यानंतर पाणी उतरायला लागलं, की दोघं काठाकाठानं जत्रा करत फिरायचे. तो लोकांना या काठावरून त्या काठाला न्यायचा, ती गंमत बघायची. यंदा एका गावाच्या जयंतीत ती निळ्या झेंड्यामागं पाय दुखेपर्यंत चालली, दुसऱ्या गावाच्या उरुसात तिनं मलिदा खाल्ला. तिच्या स्वतःच्या गावच्या जत्रेत मात्र खाली उतरायचं नाही. रथाचा कळस दिसेल इतक्यावर नाव बांधायची आणि दिवसभर बघत बसायचं. हौस तरी काय एकेकाची!

आता पोट पदरात लपत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, असं कुणी म्हटलं की ती विषय बदलायची.

"यील म्हटलं नव्हतं व्हय तुला?" ती अमरदीपला म्हणाली. तो फळी टाकेपर्यंत तिनं त्याला सगळा संसार शिकवला. भातात पाणी बेतानं घाल, माझ्यामागं बिड्या ओढू नको, आणि मला बघायला येशील तेव्हा चोरासारखा येऊ नको, दिवसाढवळ्या जावयासारखा ये. तो नुसता हसत होता.

अव्वा, म्हणजे निलम्मा, फळीवरून आत आली. जावयाकडं तिनं मान वळवली नाही, तेव्हा तो आपणहून नावेच्या पार टोकाला जाऊन पाठमोरा बसला. लेकीच्या पोटावर तिची नजर गेली आणि लगेच निघाली. डबा उघडून तिनं पुढं सरकवला. गव्हाची हुग्गी, वर तूप थिजलेलं. उमादेवी अधाशासारखी खात सुटली आणि खाता खाता बोलत सुटली. नर्सबाई गावातच आहे, मी मागच्या खोलीत राहीन, अप्पाच्या समोर येणार नाही, धाकट्या रूपालीला कुशीत घेऊन झोपेन.

रूपालीचं नाव निघालं तेव्हा निलम्माला तोंड फुटलं. रूपालीला दुबलगुंडीचं स्थळ आलंय. शेती आहे, दुकान आहे, माणसं गरीब गाईसारखी. आज जत्रेला येणार आणि रथ ओढायच्या आधी हातपाय धुवायला याच काठावर उतरणार.

"तवा नाव जरा हलवा," निलम्मा म्हणाली. "पार तिकडं न्या. दिसाय नको."

"मी आत बसते की. कोण ओळखतंय मला?"

"फोटो बघून गेलेत ते. बैठकीत लावलाय तुझा. हार घालून."

उमादेवीचा घास तोंडातच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाव्हण्यांनी थोरलीचं विचारलं आणि बापानं, अप्पानं, सांगून टाकलं की ती गेली, धरणात पाय घसरून. पाव्हण्यांनी फोटोला हात जोडले, नवऱ्या मुलाच्या आईनं डोळ्याला पदर लावला. आता एकदा सांगितलंय म्हटल्यावर सणावाराला फोटोपुढं ताट ठेवावं लागतं. आज सकाळीही ठेवलं होतं.

"तेच आणलंय बांधून," निलम्मा म्हणाली. "तुझंच हाय म्हणून."

उमादेवीला ते थुंकून टाकायचं होतं. पण भूक कुणाचं ऐकते? तिनं घास गिळला.

"बुडाले न्हवं मी? मग काढलं का कुणी भाईर?"

"सापडली न्हाई म्हणून सांगितलंय."

सापडली असती तर समाधी दाखवावी लागली असती. तेवढं अप्पाला बरोबर सुचलं होतं.

खरं तर इथंच तिनं आईला फळीवरून परत पाठवायला पाहिजे होतं. राग आलाच होता तिला, नाही असं नाही. पण रागापेक्षा भीती मोठी निघाली. नाव आत्ताच्या आत्ता हलवायला लावते म्हणाली. रूपालीच्या लग्नाला फिरकणार नाही म्हणाली.

"लगीन झाल्यावर तरी ने, अव्वा. मला लई भ्या वाटायलंय."

निलम्मानं तिचं तोंड पदरानं पुसलं, लहानपणी पुसायची तसं. आवाजही तसाच मऊ होता.

"मेलेल्या लेकीला घरी कसं न्यायचं, बाळा?"

मग डबा उचलून तिनं पाण्यात विसळला आणि फळी उतरून गेली.

ती काठाच्या वर पोचते न पोचते तोच समोरून जरीचं लुगडं नेसलेली एक बाई दोन पुरुषांसोबत खाली येताना दिसली. निलम्मा एकदम लवली, हसली, त्यावरूनच उमादेवीनं ओळखलं की ही दुबलगुंडीची माणसं वेळेआधी आली. कुणी सांगायच्या आत तिनं आपणच पदर तोंडावरून खाली ओढला. अमरदीपनं दोरी सोडली. पाण्यावरून बोलणं साफ ऐकू येत होतं. कुणाची नाव आहे, असं त्या बाईनं विचारलं.

"फिरस्ती माणसं हायेत, अक्का, जत्रा बघत हिंडत्यात," निलम्मा म्हणाली. "पोटुशी बाई हाय एक. घासभर दिलं."